ती चूक सरांची नव्हती

सर गेले. आता खरं बोलायला मला कुणी अडवणार नाही.

सर म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख. कोल्हापुरातलं ते हॉस्पिटल कधीच बंद पडलं. सत्तरचं दशक संपत आलेलं, तेव्हा मी तिथं टेक्निशियन म्हणून लागले.

शिकवणं म्हणजे अस्सल कोल्हापुरी.

"ही बघ स्टॅफिलोकोकस जंतू. द्राक्षाच्या घडावानी दिसत्यात न्हवं? समदी भाऊबंदच. सोनेरी वाढला तर तो डांबिस, गळू न् पू त्याचीच करणी. पांढरा असला की घरचा. तुझ्यामाझ्या कातडीवर जन्मभर ऱ्हातोय बिचारा."

रंगावरून कळलं नाही तर ट्यूबमध्ये प्लाझ्मा घ्यायचा आणि त्यात जंतू सोडायचा. दह्यासारखा गोठला तर डांबिस.

"शैला, दही लागलं का गं?" सर दारातनंच ओरडायचे.
"न्हाय सर."
"मग घरचा. टाकून दे."

सुई टोचताना कातडीवरचा जंतू रक्ताच्या बाटलीत पडायचा, म्हणून असा नमुना आम्ही 'दूषित' लिहायचो. सगळं हॉस्पिटल त्याला 'घरचा' म्हणायचं. वॉर्डातल्या सिस्टरसुद्धा.

मग हुपरीची एक बाई ॲडमिट झाली. चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडायची. मुंबईला हृदयात कृत्रिम झडप बसवलेली, आणि तीन आठवडे ताप हटेना.

सर तेव्हा गावाला गेलेले.

तिच्या रक्ताच्या तीन बाटल्या माझ्याकडं आल्या. तिन्हींत पांढरा. तिन्हींचं दही लागलं नाही.

मी वॉर्डात फोन केला. "घरचा हाय. काळजी नको."
रिपोर्टही तसाच लिहिला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक थांबवलं.

सर चौथ्या दिवशी आले. रजिस्टर बघितलं आणि त्या तीन नोंदींवर बोट ठेवलं.

"तीन वेगळ्या टायमाला काढलेलं रगत, आणि तिन्हीत त्योच? एकदा चुकून पडंल गं. तीनदा कसा पडंल?"

पांढऱ्यानं त्या झडपेवरच बिऱ्हाड केलं होतं. सर वॉर्डाकडं पळाले. औषध पुन्हा सुरू झालं, पण उशीर झाला होता. दोन दिवसांनी बाई गेली.

तिचा नवरा लॅबच्या दारात आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाई, काळजी न्हाय म्हणालासा न्हवं?"

सर मध्ये आले. "मी सांगिटलंतं पावणं. चूक माझी हाय."

चौकशीतही तेच. म्हणाले, शैलानं मला फोन करून विचारलं आणि मीच तसं लिहायला लावलं. धादांत खोटं! मी फोन केलाच नव्हता.

"सर, असं का केलंत?"
"तुझी नोकरी कच्ची हाय. आणि घरचा म्हणायला तुला शिकवलं कुणी? मीच की. आता गप बसायचं. माझी शपथ हाय."

बसले गप. शपथेमुळं नाही, भ्याले म्हणून. नोकरी हवी होती मला.

सरांना लॅबमधनं काढून कळंब्याच्या एका दवाखान्यात बसवलं. तिथं मायक्रोस्कोपसुद्धा नव्हता. मी मात्र वर चढत गेले.

आज त्यांच्या घरी गेले. त्यांचा मुलगा विजय म्हणाला, "काकू, हुपरीची ती बाई बाबांच्या मनातनं शेवटपर्यंत गेली न्हाय बघा. आयुष्यात तेवढी एकच चूक झाली त्यांच्या हातनं."

आणि मी मान हलवली. त्यांच्या फोटोसमोर उभी राहून मान हलवली! लाज वाटते हे लिहायला.

विजय, तू वाचशील म्हणून इथं चारचौघांत लिहिते.

तुझ्या बाबांच्या हातून ती चूक झाली नाही. माझ्या हातून झाली. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

हुपरीच्या त्या बाईच्या माणसांपैकी कुणी हे वाचत असेल, तर इथून पुढं नाव माझं घ्या.

सर, शपथ मोडली. माफ करा.
तुमच्या पायांवर डोकं ठेवते.