पेठेतली सरकारी बावली

मी त्या माणसाला माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर दोनेक वर्षांनी मला आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेत नोकरी लागली. बांधकाम विभागात नकाशे ट्रेस करायचं काम. वडील नव्हते. आईला खेड्यातून सोबत आणलं आणि खोली शोधायला लागले. पाऊस नव्हता, खेडी ओस पडत चालली होती. त्यात नव्या जिल्ह्यामुळं कचेऱ्या वाढलेल्या. गावात खोली मिळणं मुश्किल होतं.

जुन्या पेठेत मात्र खाली दुकानं आणि वर कुलपं. बसस्टँड लातूर रोडला गेला तेव्हापासून पेठेतलं गिऱ्हाईक तुटलं होतं. दुकानदारांनी रोडच्या कॉलनीत बंगले बांधले आणि पेठेतले माळे तसेच सोडले. कापड दुकानाच्या शेठचा माळा असाच रिकामा होता. पेठेत त्यांच्या शब्दाला वजन होतं. मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी मला 'नगरपालिकेतल्या बाई' म्हणून बसायला खुर्ची दिली आणि किल्ली काढून हातात ठेवली.

आईनं दोन दिवस ती खोली झाडली. टँकरच्या रांगेत उभी राहून आणलेल्या घागरीनं फरशी पुसली, भिंतीला चुना मारला. मग आमच्या घरात पहिला खिळा ज्या फोटोसाठी ठोकतात, तो निळ्या कोटातला फोटो लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेठ वर आले. फोटोकडं बघितलं. मग चुन्याकडं बघितलं.

"बाई, खोलीचं जमणार न्हाई," ते म्हणाले. "माझा भाचा येणार हाय राहायला. त्याला लागती."

"कधी येणार हायत ते?" आईनं विचारलं.

"येईल की," ते म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

आईनं फोटो काढला, पदरानं पुसला, आणि आम्ही खाली उतरलो. पुढं तीन वर्षं त्या खोलीला कुलूप होतं. ऑफिसला जाता-येता मी रोज मान वर करून ते बघायची. भाचा कधीच आला नाही. आम्ही गावाबाहेर, पत्र्याच्या खोलीत राहिलो.

चौथ्या वर्षी नवे मुख्याधिकारी आले. पेठ मरत चालली आहे, दुकानांवर दोन मजले बांधायला परवानगी द्या, भाडेकरू येऊ द्या, माणसं राहिली तर दुकानं चालतील, असा त्यांनी प्रस्ताव मांडला. गावात दोन तट पडले. विरोध करणाऱ्यांच्या पुढं शेठ होते. ते ऑफिसात येऊन सांगायचे, "माणसं कोंबून पेठ चालत न्हाई, साहेब. दाटी झाल्यावर पाणी कुठून देणार? आन् कोण कुठली माणसं येतील, काय सांगावं."

मी शेजारच्या टेबलावर बसून रेघा ओढत असायची. ती 'कोण कुठली माणसं' म्हणजे आम्ही, हे मला कळत होतं. त्यांना मी तिथं आहे, हे कळत होतं की नाही, ते ठाऊक नाही.

प्रस्तावासाठी सगळ्या पेठेची मोजणी निघाली. शेठच्या दुकानामागं त्यांचं गोदाम होतं. तिथं टेप धरून मी मापं लिहून घेत होते. कापडाच्या गठ्ठ्यांखाली फळ्यांची जमीन होती. बाकी सगळीकडं शहाबादी आणि इथंच लाकूड, हे मला विचित्र वाटलं. वाकून बघायला गेले तर हातातली पेन्सिल फळ्यांच्या फटीतून खाली पडली. बराच वेळ काही आवाज नाही. मग डुबुक.

त्या उन्हाळ्यात गावात आठ दिवसांनी नळ यायचा. मी कुणालाच काही बोलले नाही.

मोजणी खात्यातून रिटायर झालेले एक चाचा पेठेजवळ राहायचे. निजामाच्या काळातला पेठेचा नकाशा आमच्या दप्तरात होता, पण तो उर्दूत. मी त्याची नक्कल घेऊन त्यांच्याकडं गेले. चाचांनी चष्मा पुसला, बोट ठेवलं आणि म्हणाले, "ये देख, बेटी. सरकारी बावली. विहीर, सगळ्या पेठेची हाय ही."

बोट बरोबर त्या गोदामावर होतं.

बावलीच्या हद्दीला मात्र दोन रेघा होत्या. एक शाईची, एक शिसपेन्सिलीची. शाईची रेघ धरली तर गोदाम जात होतं. पेन्सिलीची धरली तर बाजूच्या बोळात शेठच्या दुकानाचा ओटा आणि पायऱ्याही जात होत्या.

"यातली खरी कोणती, चाचा?"

"अल्ला जाने. पेन्सिलची मागून कुणी तरी मारली असंल."

मी पेन्सिलीची रेघ लाल शाईनं नव्या नकाशावर उतरवली. साहेबांनी विचारलं, "नक्की हीच हद्द?" मी म्हणाले, "हो साहेब." तेवढं एक खोटं मी नोकरीत बोलले.

सभेत शेठ पाण्यावरच बोलले. पेठेला पाणी नाही, म्हणून माणसं नकोत. त्यांचं झाल्यावर साहेबांनी मला नकाशा उघडायला सांगितलं. मी भिंतीवर तो लावला आणि सांगितलं, "पेठेची सरकारी विहीर शेठच्या गोदामात आहे. फळ्यांखाली. पाणी आहे तिला."

"ती बुजलेली हाय," शेठ म्हणाले.

"बुजलेली नाही. मी आवाज ऐकलाय."

ज्यांनी चार दिवसांपूर्वी शेठच्या निवेदनावर सह्या केल्या होत्या, ते खाली बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा शेठनं माझ्याकडं नीट बघितलं.

पाडायच्या दिवशी भर दुपारी मी टेप घेऊन उभी होते. गोदामाची भिंत गेली, फळ्या निघाल्या. मग मजूर ओट्याकडं वळले. शेठ माझ्याजवळ आले.

"बाई, गोदाम घ्या. ओटा तेवढा राहू द्या. माझे वडील तिथं बसायचे."

"माझ्या आईनं तुमची खोली दोन दिवस झाडली होती," मी म्हणाले. "चुना मारला होता. फोटो बघून तुम्ही आम्हाला खाली उतरवलं."

त्यांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या.

"कोणती खोली?" ते म्हणाले.

मी मजुरांना हात केला.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. "विहीर घेतली ते बरं केलंस," ती म्हणाली. "ओटा कशाला घेतला?" मी चुलीत लाकूड सारलं.

विहिरीतला गाळ काढला, पंप बसवला. मजल्यांना परवानगी मिळाली. वर्ष-दोन वर्षांत पेठेत शिक्षक, नर्सबाई, तलाठी, खेड्यातून आलेली कुटुंबं राहायला आली. आमच्यातलीही आली. आईनं मात्र पेठेत पाऊल टाकायला नकार दिला. पिठाची गिरणी लागली, दोन खानावळी निघाल्या, संध्याकाळी चालायला जागा मिळेना. आणि सगळ्यांत जास्त कोणाचं दुकान चाललं असेल, तर शेठचं. माणसं वाढली तशी कापडं वाढली. पुढं त्यांनी स्वतःच वर दोन मजले चढवले आणि आल्यागेल्याला सांगायला लागले की, पेठेत माणूस पाहिजे, असं मी आधीपासून म्हणत होतो. हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण दुकानाचं जोतं उंच होतं. बाजूची जागा विहिरीच्या हद्दीत गेलेली, पुढं गटार आणि रस्ता, त्यामुळं पायऱ्या परत बांधायला जागाच उरली नव्हती. शेठ म्हातारे झाले, गुडघे गेले. ते रोज सकाळी लाकडी खोक्यावर पाय ठेवायचे, चौकट धरायचे आणि दोन दमांत दुकानात चढायचे. माझी ऑफिसला जायची वेळ तीच होती. मी सावकाश चालायची. मला ते बघायला आवडायचं.