घरजावयाच्या पोटातला कापूस

सिनेमाच्या जाहिरातीवर त्या रबरी राक्षसाचं नाव पुरुषभर उंचीच्या लाल अक्षरांत असे, पण आमच्या शिवणखोलीत त्याला त्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. आम्ही त्याला घरजावई म्हणायचो. दिवसभर शहरं मोडून तो संध्याकाळी आमच्याकडे यायचा. मग आम्ही बायका त्याला पालथा घालून पाठ उसवायचो, आतला घाम पुसायचो, पंख्यासमोर वाळवायचो आणि फाटलेलं शिवून सकाळी पुन्हा कामावर धाडायचो. नाव आमच्यातल्या थोरल्या तोमोएसाननी ठेवलेलं. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या घरी असाच एक जावई होता म्हणे. फरक इतकाच, की त्याच्या तोंडातून निघणारा धूर सिगारेटचा होता.

काजितानी तोमोए मूळच्या कावासाकीच्या, गाद्या भरणाऱ्यांच्या घरातल्या. युद्धात दुकान जळलं, नवरा दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरून परतलाच नाही. चाळिशी उलटल्यावर त्या स्टुडिओत आल्या. पहिल्या सिनेमाच्या वेळी रबराचं कातडं ओतणारी माणसं मोठे कलावंत म्हणून मिरवत होती, पण ते कातडं आत शिरणाऱ्या माणसाला सोलून काढत होतं. तोमोएसाननी त्याला आतून गादीसारखं अस्तर लावलं, काखेत आणि गुडघ्यांत मऊ घड्या ठेवल्या. तेव्हा कुठे घरजावई चालायला लागला.

आत शिरणारा माणूस म्हणजे इवानागासान. वय सेहेचाळीस. वीस वर्षं ते तलवारीच्या सिनेमांत गर्दीतले सैनिक म्हणून मरत आले होते. आता चेहरा दिसत नसला तरी सगळा सिनेमा त्यांच्या पायांवर उभा होता. अंग त्यांच्या मापाचं, चाल त्यांची. पहिला सिनेमा असा चालला, की पोरं रांगेत उभी राहून डबे खायची. वरच्यांनी लगेच दुसरा भाग काढायचं ठरवलं. ऑलिंपिकचं साल होतं. उन्हाळ्यात सुरू करायचं, नवीन वर्षाच्या सुट्टीआधी थिएटरात लावायचं. घरजावई तोच, समोर लढायला नवा एक पंखवाला.

जुलैत पहिलं माप झालं. मी टाचण्या धरून शेजारी उभी होते. तोमोएसाननी कंबरेभोवती पट्टी फिरवली, थांबल्या, पुन्हा फिरवली. चार बोटं कमी होती. इवानागासान हसत म्हणाले, की यंदा नळाला पाणी नाही आणि माझ्या अंगातून मात्र धो धो वाहतंय. ते खोटं नव्हतं. त्या उन्हाळ्यात तोक्योत पाणी मोजून मिळत होतं, आणि प्रत्येक शॉटनंतर घरजावयाच्या पायातून वाटीवाटीने त्यांचा घाम ओतून काढावा लागायचा. असं काम करणारा माणूस वाळणारच, असं आम्ही धरून चाललो.

ऑगस्टच्या शेवटी आणखी तीन बोटं गेली. डब्यातला भात ते चिवडून परत ठेवायचे, नुसता खारवलेला आलुबुखार चोखायचे. घरजावयाच्या गुडघ्याशी कातड्याला सुरकुत्या पडू लागल्या. त्या दिवशी तोमोएसाननी मला दार लोटायला सांगितलं आणि इवानागासानना सरळ म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवा. हा उन्हाळा नाही."

इवानागासान बाकावर बसले.

"दाखवतो. सिनेमा झाला की दाखवतो. आत्ता दाखवलं तर काय होईल, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या जागी तो ज्यूदोवाला पोरगा तयारच आहे वरच्यांच्या डोक्यात. तोमोएसान, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मापाचं काहीतरी शिवलं गेलंय. थोडा कापूस भरा."

तोमोएसाननी कापूस भरला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तोंडाला टाका घाल." मी घातला. दर आठवड्याला माप घ्यायच्या, जितकं घटलं तितका कापूस पिंजून अस्तरात सारायच्या. काम इतकं सफाईदार होतं, की दिग्दर्शक एके सकाळी येऊन म्हणाले, या वेळी गडी कसा भरलाय, चालीत भारदस्तपणा आलाय. ती चाल भारदस्त नव्हती. इवानागासानना पाय उचलवत नव्हता.

त्यांची बायको सुमिसान तोमोएसानच्याच गल्लीत राहायची. दोघी एकाच सार्वजनिक न्हाणीघरात जात. पाणी कमी म्हणून न्हाणीघर तेव्हा थोडेच तास उघडं असे, त्यामुळे दिवसाआड गाठ पडायचीच. सप्टेंबरात एकदा सुमिसान त्यांची पाठ चोळत होत्या. चोळता चोळता म्हणाल्या, की आमच्याकडचे जेवत नाहीत नीट, काम फार जड आहे का हो? तोमोएसान म्हणाल्या, रबर फार तापतं, सगळ्यांचंच असं होतं. सुमिसान म्हणाल्या, हो ना, तुम्ही तिथे आहात म्हणून बरं आहे. हे मला तोमोएसाननी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. सांगताना हातातल्या सुईत दोरा ओवत होत्या आणि तो काही केल्या ओवला जात नव्हता. मीच घेऊन ओवून दिला. बोलले मात्र काही नाही. माझ्या सासूचं पोटाचं दुखणं मी घरी पाहिलेलं होतं. मला तर त्यांच्याही आधी कळायला हवं होतं, आणि खरं म्हणजे कळलंच होतं.

शेवटचा शॉट नोव्हेंबरात होता. घरजावई हरून समुद्रात पडतो. मोठ्या हौदात पाणी भरलेलं, कडेला बोटभर घरांचं बंदर. इवानागासान पडले ते अगदी हळू, एक हात वर राहिला, मग तोही गेला. दिग्दर्शकांनी थांबा म्हटलं तरी कुणी हललं नाही. इतकं छान मरण कुणी पाहिलंच नव्हतं. आधी पाण्यात उतरल्या त्या तोमोएसान, कामाच्या अंगरख्यासकट. कापूस पाणी पिऊन शिळेसारखा झाला होता. सहा गड्यांनी ओढून काढलं, तोमोएसाननी कात्रीने घरजावयाची पाठ फाडली.

त्या वेळी ते जगले. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच परत शिवलं. मार्चमध्ये गेले. सिनेमा पहिल्यापेक्षाही जास्त चालला. एका वर्तमानपत्रात आलं होतं, की या वेळी राक्षसाच्या चालण्यात दुःख दिसतं. तोमोएसाननी तो कागद कापूस बांधायला वापरला.

सुतक फिटण्याचा एकोणपन्नासावा दिवस झाल्यावर सुमिसान, दुःखात आम्ही दिलेल्या पैशांची परतभेट म्हणून चहाचा डबा घेऊन शिवणखोलीत आल्या. काळ्या किमोनोत आणखी लहानखुऱ्या दिसत होत्या. वाकून वाकून आभार मानले, डबा पुढे सरकवला, आणि मग उठायच्या ऐवजी तशाच बसून राहिल्या.

"मला एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "मेपासूनच मी त्यांच्या विजारी आत घेत होते. पट्ट्याला भोकं पाडत होते. विचारलं की चिडायचे. मग मी म्हटलं, तिथे तर दर आठवड्याला माप घेतात. खरंच काही असतं तर तोमोएसान बोलल्याच असत्या."

किटलीतलं पाणी उकळत होतं. मी उठून ती उतरवायला हवी होती.

"मी कापूस भरत होते," तोमोएसान म्हणाल्या.

"किती?"

तोमोएसाननी हात पसरले, थोडे जवळ आणले. "लहान मुलाची गादी होईल, एवढा."

सुमिसाननी त्या हातांमधल्या जागेकडे पाहिलं. मग चटईला कपाळ लागेल इतक्या खाली वाकल्या. "त्यांना तेच हवं होतं. तुम्ही त्यांचं मन राखलंत. फार उपकार झाले."

त्यांनी चार शब्द सुनावले असते, तर तोमोएसान त्यांना पुरून उरल्या असत्या. हे उपकार मात्र त्यांना झेपले नाहीत. त्या दिवसानंतर त्यांनी गल्लीतलं न्हाणीघर सोडलं. रेल्वेच्या पलीकडच्या न्हाणीघरात जायला लागल्या, पायी वीस मिनिटं, थंडीतही ओल्या केसांनी परत. मी एकदा म्हटलं, सर्दी होईल. त्या म्हणाल्या, तिकडचं पाणी जास्त कढत असतं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या गल्लीत माझं काही काम होतं. न्हाणीघराच्या दाराशी सुमिसान भेटल्या, काखेत घमेलं, त्यात साबण आणि पंचा.

"तोमोएसान हल्ली दिसत नाहीत. बऱ्या आहेत ना?"

बऱ्या आहेत, काम फार आहे, असं जिभेवर आलंच होतं.

"त्या रुळांपलीकडे जातात," मी म्हटलं. "तुमच्यासमोर यायला त्यांना धीर होत नाही."

सुमिसाननी घमेलं या काखेतून त्या काखेत घेतलं.

"ते न्हाणीघर शुक्रवारी बंद असतं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी काय करतात?"

"शुक्रवारी अंघोळ करत नाहीत."

त्यांनी मान हलवली, दारावरचा पडदा बाजूला केला आणि आत गेल्या.