परग्रहावरचे प्राणी आणि आमची वाट

छोट्या गावावर आकाशातून विचित्र प्राणी उतरतात, टपालवाल्यापासून महापौरापर्यंत सगळ्यांच्या मागे लागतात, आणि प्रेक्षक भ्यायचे सोडून हसत सुटतात, अशा चित्रपटांना सुशिक्षित माणसे पोरकट म्हणतात. मीही म्हणत असे. ते मत मी पूर्ण विचारांती मागे घेतले आहे. एका कारखान्याच्या विधी विभागात नोकरी संपवलेल्या माणसाने कारण न देता मत बदलावे, हे मला स्वतःलाच मान्य होणार नाही. म्हणून ती कारणे इथे मांडतो.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. बंगळूरच्या बनशंकरीत आमचे घर दुसऱ्या एका घराच्या मागे होते. रस्त्यावर यायचे तर पुढच्या घराच्या आवारातून, त्यांच्या नारळाखालून जावे लागे. माझ्या वडिलांनी घर बांधले तेव्हापासून आमची ये-जा तिथूनच. पुढच्या घरातल्या अज्जी वारल्या, त्यांच्या मुलांनी जागा एका बिल्डरला विकली, आणि एका सकाळी मी दूध आणायला निघालो तर वाटेच्या तोंडाशी माणसापेक्षा उंच पत्रे उभे होते. पत्र्यापलीकडे कोणीतरी कन्नडमध्ये आणखी खिळे मागत होते.

दुसरी एक फट होती, न्हाणीघराची भिंत आणि पावसाळी नाल्याचा कठडा यांच्यामध्ये. मुलगी अंग तिरके करून तिथून कचेरीला जाई. पत्नी पदर खोचून, श्वास रोखून जाई. मी एकदाच प्रयत्न केला. पोट भिंतीला, पाठ कठड्याला, आणि संधिवाताने आखडलेला गुडघा मधेच वळेना. मुलीने मागून सदरा धरून ओढले.

"अण्णा, तुम्ही घरीच बसा."

"घरी बसा? कोणत्या कायद्याखाली?"

"फटीच्या कायद्याखाली. आत चला आधी."

त्या दिवसापासून कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाविना मी स्वतःच्या घरात स्थानबद्ध झालो. मी पत्रे लिहिली. बिल्डरला लिहिली, ज्या ज्या कचेरीचा अशा बांधकामाशी संबंध पोचतो तिथे लिहिली, वर्तमानपत्रांना लिहिली. मुलगी ती पर्समध्ये घालून फटीतून नेई. उत्तरे आली नाहीत; एक आले, त्यात माझे पत्र मिळाल्याचे कळवले होते. मग मी दावा दाखल केला. वहिवाटीचा हक्क हा भारतीय कायद्यातला एक सुंदर हक्क आहे. दुसऱ्याच्या जमिनीवरून तुम्ही वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने गेलात, तर ती वाट तुमची होते. आम्ही त्याच्या दुप्पट काळ गेलो होतो. मला शंकाच नव्हती.

तारखा पडत गेल्या. पत्र्यापलीकडे खड्डा खणला जात होता. भांडी हादरत, देवघरातली समई हलत असे. नारळ पडला तो आम्ही पाहिला नाही, फक्त ऐकला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वी रस्त्यावरचा फुलवाला दिसे, आता पत्र्याची निळी पन्हळी दिसे. मी घरातल्या घरात येरझाऱ्या घाली आणि ज्याच्या-त्याच्यावर ओरडे. शेवटी मुलगीच कंटाळली. एका रविवारी दुपारी तिने भाड्याचा व्हीसीआर कॅसेटसकट फटीतून आधी सरकवला आणि मागून स्वतः आली.

"इंग्रजी आहे, पण आईला कळेल असं आहे," ती म्हणाली.

अमेरिकेतले गाव होते. एक रस्ता, एक पेट्रोल पंप, बाहेर जायला एकच पूल. आकाशातून काहीतरी शेतात पडते, त्यातून अंडी, अंड्यांतून सोललेल्या अळकुड्यांसारखे बुळबुळीत, केसाळ प्राणी. पहिल्यांदा ते दिसतात हार्डवेअरच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्याला. तो पोलिस अधिकाऱ्याला सांगतो. अधिकारी त्याला कॉफी पाजून घरी पाठवतो. तो गावच्या सभेत सांगतो. सभा जत्रेतल्या पताका कोणत्या रंगाच्या असाव्यात यावर भांडत असते.

"अहो, हा म्हातारा बघा," पत्नी म्हणाली. "तोंडसुद्धा तुमच्यासारखंच."

"काय केलं त्याने?"

"सगळ्यांना सांगत सुटलाय. कोणी ऐकेना."

"आता तो पत्र लिहील बघ, आई," मुलगी म्हणाली, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मी संतापलो. "यात हसण्यासारखं काय आहे? माणूस खरं बोलतोय!"

"अय्यो, म्हणून तर हसू येतंय," पत्नी म्हणाली. "खोटं बोलत असता तर कोणी तरी ऐकलं नसतं का?"

मी उठून आतल्या खोलीत गेलो. पण आतल्या खोलीतून पुढे जायला जागा नव्हती, आणि आवाज येतच होता. मी दाराशी उभा राहून उरलेला चित्रपट पाहिला. पूल कोसळतो, टेलिफोन बंद पडतो, गावाबाहेर जाणे अशक्य होते, तरी सभा पताकांवरच असते. प्राणी सभागृहात शिरतो तेव्हाही अध्यक्ष म्हणतात, पाहुण्यांनी मागच्या रांगेत बसावे. तिथे माझ्याही तोंडून हसू फुटले. वर्षातले पहिलेच असावे. पत्नीने वळून पाहिले.

पुढच्या रविवारी मुलगी हिंदी कौटुंबिक चित्रपट घेऊन आली, तेव्हा मीच विचारले, "ते प्राण्यांचं नाही मिळालं?"

अशा चित्रपटांचे आकर्षण कशात आहे, यावर मी त्या महिन्यांत बराच विचार केला, वेळ होताच. निव्वळ भयपट माणसाला खोटे सांगतो. संकट आले की सगळे गंभीर होतात, एकमेकांचे हात धरतात, असे तो दाखवतो. मी त्या काळात असे काहीही पाहिले नाही. शेजारचे लोक पत्र्याकडे पाहत आणि विचारत, फ्लॅटचा भाव काय निघेल? संकटातही माणसे होती तशीच क्षुल्लक राहतात, हे सत्य फक्त या बुळबुळीत प्राण्यांच्या चित्रपटांत सांगितलेले असते. आणि गाव छोटेच हवे. मोठ्या शहरातून पळता येते. एकच पूल असलेल्या गावात दार बंद झाले की आतल्यांना एकमेकांकडे पाहण्यावाचून गत्यंतर नसते. ते हसतात ते धैर्याने नव्हे. कोंडलेल्या माणसाला करण्याजोग्या गोष्टींच्या यादीत हसणे उरते, म्हणून हसतात. एक गोष्ट मात्र मला खटके. प्रत्येक चित्रपटाच्या शेवटी सगळे प्राणी मरतात, आणि मग कुठेतरी गटारात एक अंडे शिल्लक दिसते. निकाल लागल्यावर प्रकरण असे उघडे ठेवणे मला बेकायदेशीर वाटे.

थंडीत आमचे वकील आले. काडीसारखे अंग, त्यामुळे फटीतून सहज आले. काळ्या कोटाला फक्त चुना लागला होता. पत्नीचे प्रतिज्ञापत्र हवे होते.

"अक्का, एवढंच सांगायचं, इतकी वर्षं तुम्ही त्या वाटेने जात होता. कोणाला न विचारता."

"न विचारता कसं? मी दर वर्षी विचारत होते."

वकिलांचे पेन थांबले.

आमची मराठी घराणी या कन्नड मुलखात पिढ्यान् पिढ्या आहेत, तरी पाहुण्यासारखे वागायची रीत सुटलेली नाही. माझ्या आईने सुनेला घालून दिलेला नियम होता. संक्रांतीला पहिले ताट पुढच्या घरी न्यायचे. तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे यांचा एळ्ळु-बेल्ला आणि उसाचे कांडे अज्जींच्या हाती द्यायचे आणि म्हणायचे, वाट तुमची, आम्ही जातो-येतो, राग नाही ना? अज्जी हसून म्हणायच्या, जा गं, ये गं. मला हे ठाऊक होते. दर वर्षी पाहिलेल्या गोष्टीकडे कायद्याच्या नजरेने मी कधी पाहिलेच नव्हते.

"हक्काने गेलेलं चालतं. परवानगीने गेलेलं चालत नाही," वकील हळू म्हणाले. "विचारलं की ती वाट त्यांची, हे तुम्हीच कबूल केलं. एवढं वाक्य गाळू या."

पत्नी माझ्याकडे वळली. "गाळू? तुम्ही सांगा. तुम्ही कायद्याचे ना?"

मी सांगू शकलो असतो. चाळीस वर्षांची वाट त्या एका वाक्यावर टांगली होती. 

"गाळायचं नाही," मी म्हणालो, आणि त्या रागाने टेबलावरचा तांब्या आपटला.

बांधकाम थांबवणारी अंतरिम मनाई मिळाली नाही. अज्जींच्या मुलांनी न्यायालयात तीच संक्रांतीची हकीकत सांगितली होती, आणि ती खरी होती. दोन्ही जागा मुळातच वेगळ्या मालकांच्या, त्यामुळे एकाच मालकाची जागा फुटल्यावर मिळते तशी गरजेची वाट म्हणूनही काही मागता येत नव्हते. दावा नावापुरता उभा राहिला.

मग संक्रांत आली. सकाळी पत्नीने नेहमीप्रमाणे ताट भरले. मला वाटले देवासाठी. ती सरळ पत्र्यांकडे गेली आणि मुठीने पत्रा वाजवला. पलीकडून साइटवरच्या वॉचमनचा आवाज आला.

"अण्णा, एळ्ळु-बेल्ला आहे," ती त्याला कन्नडमध्ये म्हणाली. "वाट तुमची. आम्ही जाऊ-येऊ का? यांचे गुडघे दुखतात."

 मग हातोडीचे दोन ठोके पडले, एक पत्रा खालून सुटला आणि कोपरा वर उचलला गेला. उन्हाची तिरकी पट्टी आमच्या दारात पडली. पत्नी आधी गेली, ताट सांभाळत. मुलगी गेली. मी उंबऱ्याशी उभा. त्या भोकातून टाकलेले माझे प्रत्येक पाऊल माझ्याच दाव्याविरुद्धचा पुरावा होणार होते, आणि हे त्या दोघींना कळत नव्हते असेही नाही.

"अहो, येताय ना?" पलीकडून पत्नी. "फुलवाला आहे अजून तिथेच."

मी पत्र्याजवळ गेलो. तोंडात तीळ चघळत वॉचमन पत्रा दोन्ही हातांनी उचलून धरून होता. मी ताठ उभा राहून त्याला स्वच्छ कन्नडमध्ये सांगितले की मी इथून जात आहे ते माझ्या सर्व हक्कांना कोणतीही बाधा न येता, आणि याचा अर्थ मी परवानगी मागितली असा घेऊ नये.

"सरी, सार," तो मान डोलावून म्हणाला. "स्वल्प वाका. डोकं लागेल."

मी वाकलो.