दुसऱ्या रांगेतली रिकामी खुर्ची

हे मी कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढं बसल्यावर आठवण आलीच, तर घाईघाईनं उदबत्ती लावायला घेते. आज सांगायचं ठरवलंय — पण लगेच नाही हं. आधी मला लावणीबद्दल बोलू द्या. त्या विषयावर माझं तोंड सैल सुटतं, आणि एकदा सुटलं की जे आत अडकलंय तेही येईल बाहेर, असं वाटतंय.

राजारामपुरीतल्या एका बोळात माझं फॉल-पिकोचं दुकान. दुकान कसलं — घराचीच पुढची खोली, दोन मशिनी आणि खुंटीला टांगलेले ब्लाऊज. नव्वद सालानंतर आमच्या कोल्हापुरात लावणीचे खेळ लागायला लागले, ‘खास महिलांसाठी’. दुपारचे. बायकाच बायका, आत पुरुष म्हणाल तर स्टेजवरचा ढोलकीवाला आणि पेटीवाला. पहिल्या वेळी शेजारणींनी मला ओढून नेलं. मी पदर सावरून बसले, देवळात बसावं तशी. ढोलकी कडाडली, पडदा वर गेला, आणि — काय सांगू तुम्हाला — माझी दोन बोटं आपोआप तोंडात गेली.

शिट्टी! मला शिट्टी येते. माहेरी शेतावर पाखरं हाकायला भावांबरोबर जायची, तिथं शिकले. लग्न झाल्यापासून एकदाही मारली नव्हती. सुनेनं शिट्टी मारायची? कुठं आणि कशाला? पण त्या दुपारी अशी निघाली, की चार रांगांतल्या बायका वळून बघायला लागल्या. तिथून मला नाद लागला.

आणि नाद म्हणजे नुसतं जाऊन टाळ्या पिटणं नव्हे बरं का. मला कळायचं. नऊवारी कशी नेसलीय, कुठं टाचलीय, कुठं नुसती खोचलीय, हे माझ्या डोळ्यांतून सुटायचं नाही. नाचणारीचे पाय सगळेच बघतात. मी मान बघायची. पाय शिकवता येतात, मान उपजत असावी लागते. तरण्या पोरी यायच्या, भिंगरीसारख्या फिरायच्या, दम लागला तरी हसायच्या — आवडायच्या मला. पण जीव जडला तो कुसुमबाईवर. पन्नाशीला टेकलेली, अंगानं भरलेली. ती उड्या मारायचीच नाही. स्टेजवर मांडी घालून बसायची आणि बसल्या बसल्या नुसत्या भुवईनं, बोटांनी, पदराच्या टोकानं अख्खी लावणी करायची. बैठकीची लावणी म्हणतात तिला. अहो, मागच्या रांगेतल्या बाईलाही वाटायचं, ही माझ्याशीच बोलतीय!

तिला माझी शिट्टी ओळखू यायची. खोटं नाही सांगत. ‘आली का माझी शिट्टीवाली?’ असं तिनं एकदा स्टेजवरनं माइकमध्ये विचारलं होतं. आठवडाभर मी कुणाच्या ब्लाऊजचं माप धड घेतलं नाही.

तिकिटं मिळवायची म्हणजे युद्ध. प्लॅन उघडायच्या, म्हणजे तिकीटविक्री सुरू व्हायच्या दिवशी उजाडायच्या आत थिएटरच्या खिडकीपुढं रांग लागायची. पाय दुखले की बायका रांगेत आपली चप्पल ठेवून कट्ट्यावर जाऊन बसायच्या. चपलेचा नंबर धरायचा, हा आमचा कायदा. कुणी चप्पल सरकवली की जी भांडणं व्हायची — तीही बघण्यासारखी! मी त्या रांगेत लसूण सोललाय, काजं-बटणं केलीत, अनोळखी बाईच्या सुनेच्या तक्रारी ऐकल्यात.

बघा, किती वेळ मी इकडंतिकडंच फिरतीय. आत्तींचं नावच काढेना.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. गडमुडशिंगीच्या. त्यांच्या तरुणपणी गावच्या जत्रेत तमाशा यायचा. गडी कनातीत, बायका घरात — अशी रीत. आत्ती परसात उभ्या राहून ऐकायच्या. नुसतं ऐकायच्या. आयुष्यभर त्यांनी लावणी कानानं घेतली. पीठ मळताना परातीच्या काठावर बोटं वाजायची, ती अगदी ठेक्यात. टीव्हीवर काही लागलं तर तोंड वाकडं करायच्या. ‘डब्यात नाचत्यात. अंगावर येत न्हाय की गं काय!’

खेळ बघून आले की मी दुकानात बसून त्यांना सगळं सांगायची. कुणी काय नेसलं, कुणी कशी मान टाकली. त्या हातातलं काम टाकून ऐकायच्या आणि मधेच विचारायच्या, ‘पर पाय कसं पडत्यात गं त्यांचं? हळू पडत्यात का आपटत्यात?’ आता हे कसं सांगायचं? मी उठून करून दाखवायची, आणि आम्ही दोघी हसून हसून बेजार व्हायचो. चांगल्या होत्या हो. मला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत. सासू वाईट होती म्हणून केलं, असं म्हणायची सोयसुद्धा त्यांनी मला ठेवली नाही.

एका वर्षी कुसुमबाईचा खेळ लागल्याची जाहिरात आली, आणि आत्ती म्हणाल्या, ‘मला बी ने की एकदा. ती बसून करती म्हणतीस न्हवं, तसलं बघायचंय.’ मी म्हटलं, नेते की. त्यांनी ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं.

मी रांगेत उभी राहिले. चप्पल ठेवली, भांडले, खिडकीशी पोचले. दोन तिकिटं मिळाली. दुसरी रांग, मधल्या खुर्च्या. तिकिटं पदराला बांधून चालत निघाले — आणि चालता चालता डोक्यात आलं, आत्ती शेजारी बसणार. म्हणजे डोक्यावर पदर. म्हणजे त्यांना धरून नेणं, पाणी देणं, मधेच बाहेर नेणं. म्हणजे शिट्टी नाही. कुसुमबाई विचारणार, आली का शिट्टीवाली, आणि मी खाली मान घालून बसणार. वर्षातनं दोन-तीन दुपारी मी कुणाची सून नसायची. त्यातली एक द्यायची होती. एकच! ती माझ्यानं दिली गेली नाही.

दारात आत्ती उभ्याच होत्या. मी म्हटलं, ‘संपली तिकिटं. माझ्या पुढच्या बाईपाशीच संपली.’

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. म्हणाल्या, ‘असू दे गं. पाय दुखलं असतील तुझं, बस.’ आणि तेलाची वाटी घेऊन माझ्या पायाशी बसल्या. मी नको नको म्हणत होते. त्यांनी पाय चोळले. मी चोळून घेतले.

एवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. खेळाच्या दिवशी शाहूपुरीत अस्तर आणायला जाते म्हणून निघाले, आणि थिएटरात जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली. ते दुसरं तिकीट कुणाला द्यायलाही हात धजला नाही. हाऊसफुल्ल नाट्यगृहात मधोमध एक रिकामी खुर्ची — स्टेजवरनं दिसणारच. कुसुमबाईला दिसली. तिनं हसत विचारलं, ‘शिट्टीवाली, शेजारी कोन येनार हाय?’

माझ्या तोंडून निघालं, ‘सासूबाई. येताहेत.’

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सासूला लावणीला आणणारी सून म्हणून! कुसुमबाई म्हणाली, ‘मग त्यांच्यासाठी खास करते एक. येऊ देत.’ शेवटपर्यंत ती मधून मधून खुर्चीकडं बघत राहिली. शेवटी स्टेजच्या कडेला येऊन मांडी घालून बसली, म्हणाली, ‘म्हातारं मानूस, हुतो उशीर. यायच्या तवा येतील,’ आणि त्या रिकाम्या खुर्चीकडं बघून तिनं अख्खी लावणी केली. इतकी सुंदर मी तिची कधी पाहिली नव्हती. पदर असा अलगद सोडला की शेजारची बाई रडायला लागली. माझी बोटं तोंडाशी गेली. नुसता वारा निघाला. शिट्टी झालीच नाही.

जाताना तिनं मानाचा म्हणून एक गुलाबी फेटा माझ्या हातात दिला. सासूबाईंना बांध म्हणाली.

काय करणार होते मी त्याचं? शाहूपुरीत अस्तराबरोबर फेटा मिळाला म्हणून सांगणार होते? मी तो कापला. आत्तींची खणाची चोळी शिवायला घेतली होती, तिला आतून अस्तर लावलं. ‘लई मऊ लावलंस गं,’ म्हणाल्या. वर्षानुवर्षं वापरली ती चोळी त्यांनी.

पुढच्या वेळी नेईन, असं मी मनाशी म्हणत होते. खरंच म्हणत होते. त्याच दिवाळीत आत्तींची एक बाजू गेली, आणि त्या अंथरुणाला खिळल्या. मी त्यांचं सगळं केलं. मनापासून केलं, माया होती म्हणून केलं. त्यांना न्हाऊ घालताना, वेणी घालताना किती वेळा शब्द ओठांवर आले — आणि किती वेळा मी म्हटलं, पाणी गार नाही ना आत्ती?

कुसुमबाईचा खेळ आमच्याकडं परत लागला नाही. इतरजणी आल्या. मी गेले नाही. बायकांना वाटलं, सासूपायी हिनं हौस सोडली. तेही मी त्यांना वाटू दिलं.

दोन हजारनंतरची दोन-चार वर्षं आत्तींचा पलंग दुकानातच होता, रस्ता दिसावा म्हणून. ब्लाऊज टाकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या धरून बसवायच्या आणि जड जिभेनं एकच गोष्ट सांगायच्या. ‘माझ्या सुनंनं माझ्यापायी अंधारात रांग धरली. पाय सुजवून घेतलं पोरीनं. तिकीट मिळालं न्हाय म्हनून तोंड एवढंसं झालं तिचं. माझी लेकसुदीक असं करायची न्हाय.’ मग ती बाई माझ्याकडं कौतुकानं बघायची. मी मान खाली घालून पिकोचं मशीन चालवत राहायची. पहिल्या बाईला सांगितलं, दहाव्या बाईला सांगितलं, त्या गेल्या त्या आठवड्यातही दूधवालीला सांगितलं. अंगात तीच चोळी होती.

दोन होती, आत्ती. दुसऱ्या रांगेतली.