हिरवं आलं की काम झालं

स्क्रीन डिझाइन करणाऱ्याकडे किस्से न मागता साठतात. आपण बटण एका कामासाठी बनवतो, माणसं भलत्याच कामासाठी दाबतात. आमचं ऑफिस मूल गावात, एका राइस मिलच्या वर. तिथे आम्ही मोहर्लीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका गावासाठी टचस्क्रीन बनवली. वाघ दिसला किंवा जंगलात गेलेलं माणूस परतलं नाही, तर ग्रामपंचायतीतल्या स्क्रीनला बोट लावायचं, लगेच बचाव पथकाला खबर. त्या कामात हसलो पुष्कळ.

*

चित्रं आमच्या फिरोजभाईंची. पूर्वी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांनी वाघ असा झकास काढला, की टेस्टिंगला आलेल्या बाया चपला काढून हात जोडायच्या आणि बोट कोणीच लावेना. बचत गटाच्या शकुंतलाबाई मला म्हणाल्या, "देवाच्या तोंडात बोट घालू काय मी?"

फिरोजभाईंनी वाघ पुसला आणि पंजाचा ठसा काढला. "मॅडम, माझं चित्र इतकं आवडलं की काढून टाकावं लागलं!"

*

'माणूस परतलं नाही' यासाठी त्यांनी रिकामी बाज काढली. एका काकांनी खिशात हात घालत विचारलं, "बाज इकाची हाय काय?"

शेवटी शकुंतलाबाईंनीच सुचवलं. "झाकलेलं ताट काढा ना भाऊ. मानूस आलं नाई तं आमी जेवन झाकूनच ठेवतो." सगळ्या गावाला ते एका नजरेत कळलं. आमच्या डिग्र्या ताट काढायला बसल्या.

*

बोट लावल्यावर खबर गेली की नाही, हे लोकांना कळेना. सरावात एका आजोबांनी सात वेळा दाबलं आणि पथकाकडे सात वाघ पोचले!

म्हणून मी हिरवी टिक टाकली. खाली 'खबर पोचली' असंही लिहिलं, पण वाचणारे थोडेच. मग मीच प्रत्येकाला समजावलं, "हिरवं आलं की काम झालं. निवांत घरी जा."

"टिक जरा मोठी करू?" फिरोजभाईंनी विचारलं. करा म्हटलं. त्या टिकचा मला फार अभिमान होता.

*

मोहाच्या दिवसांत शकुंतलाबाईंचे यजमान सकाळी जंगलात मोहफुलं वेचायला गेले, ते दुपारपर्यंत परतले नाहीत. बाईंनी पंचायतीत जाऊन झाकलेल्या ताटाला बोट लावलं. खबर गेली, पथक निघालं, आम्हालाही फोन आला. आम्ही पोचलो तोवर नाल्याकाठी ते पथकाला सापडले होते. फार उशीर झाला होता. बाईंना सांगायला कोणी पुढे होईना, म्हणून मी गेले. फिरोजभाई फाटकाशीच थांबले.

बाई चुलीपाशी होत्या. भात शिजत होता. मला पाहून हसल्या आणि पाट पुढे सरकवला.

"बसा मॅडम, तुमीबी जेवूनच जा. हे येऊनच राह्यले असतीन. मी बोट लावलं तं लगेच हिरवं आलं."