आधीकाका

माझ्या मावशीच्या नवऱ्याला मी लहानपणापासून आधीकाका म्हणते. नाव मीच ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की आता दातांचे डॉक्टरसुद्धा फोनवर विचारतात, आधीकाका आहेत का? कारण एवढंच, की तुम्ही काकांना काहीही नवीन सांगायला जा, ते चष्म्याच्या वरून बघत म्हणणार, "हे आमच्याकडे आधीच आहे." आमच्याकडे म्हणजे त्यांच्या घरी नव्हे. आमच्याकडे म्हणजे आयफोनमध्ये.

माझे बाबा अँड्रॉइडवाले. बाबा वयाने मोठे, पण मावशी माझ्या आईपेक्षा मोठी, त्यामुळे दोघांत थोरला साडू कोण हा प्रश्न पंचवीस वर्षं लोंबकळतो आहे. कोणीच माघार घेईना म्हणून दोघंही एकमेकांना "साडूभाऊ" आणि "तुम्ही" म्हणतात. एवढा मान एकमेकांना देऊन दिवसभर भांडणारी माणसं मी दुसरी पाहिलेली नाहीत.

दोघं मिळून दात बनवतात. दवाखान्याच्या इमारतीमागे आमच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत प्लास्टर कालवायचं, साचे ओतायचे. आतल्या खोलीत तीन टेबलं, तीन दिवे, गुलाबी मेणाच्या वड्या, आणि दात घासायचं यंत्र. ते यंत्र सुरू झालं की शेजारच्या इमारतीतली माणसं खिडक्या लावून घेतात. बाबा कवळ्या करतात, काका एकेकट्या दातांच्या कॅप करतात, आणि मी दोघांचं काम घासूनपुसून चकचकीत करते. शिवाय दोघांची भांडणं ऐकते, त्याचा वेगळा पगार नाही.

भांडण एकच, की फोनमधली कुठली सोय कोणाकडे आधी आली. ज्या कंपन्यांना या दोघांचा पत्ताही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ही माणसं जेवणाचे डबे थंड करत. एकदा मी वैतागून म्हटलं की हिशेब तरी ठेवा, म्हणजे कधीतरी संपेल. मला वाटलं, लाजतील. लाजतात कसले. दुसऱ्या दिवशी फळीवर प्लास्टरचे दोन बोडके जबडे येऊन बसले. वरचा काकांचा, खालचा बाबांचा. ज्याने आपल्याकडे आधी असल्याचं सिद्ध केलं, त्याने नापास झालेल्या दातांच्या डब्यातून एक दात घ्यायचा आणि मेणाने आपल्या जबड्यात बसवायचा. पूर्ण कवळीत चौदा दात असतात. ज्याचे चौदा आधी भरतील, तो जिंकला.

दोन बोटांनी फोटो मोठा करायचा, तो दात काकांचा. वरून पडदा ओढून आलेले निरोप बघायचे, तो बाबांचा. पहिल्याच पानावर हवामानाची चौकट, तोही बाबांचा, आणि त्या दिवशी काका संध्याकाळपर्यंत गाल फुगवून होते. चेहरा बघून कुलूप उघडायचं, यावर तर दोन आठवडे जुंपली. बाबा म्हणाले, आमच्याकडे फार आधी होतं. काका म्हणाले, हो, पण तुमचं कुलूप नुसता फोटो दाखवला तरी उघडायचं, त्याला कुलूप म्हणतात का? शेवटी दोघांनी एक दात यंत्रावर बरोब्बर मधोमध कापला आणि अर्धा अर्धा बसवला. बॅटरीच्या उजेडावरून पेटलं तेव्हा मावशी डबा द्यायला आली होती. तिने पिशवीतून आपला जुना बटणांचा फोन काढला, बॅटरी लावली, दोघांच्या तोंडावर उजेड मारला आणि निघून गेली. तो दात कोणालाच मिळाला नाही.

साडेबारा आणि साडेबारा असे दोघं अडले होते, त्या सुमाराची ही गोष्ट.

काका थोडे बदलले होते. मी गमतीची गोष्ट सांगितली की ते हसायचे, पण एखादा क्षण उशिरा, माझं तोंड हसरं झालेलं बघून. काही विचारलं की "हो हो" म्हणायचे, प्रश्न "किती वाजले" असा असला तरी. मी म्हणायचे, काकांचं लक्ष नाही, काका म्हातारे झाले. घासायच्या यंत्राशी तीस वर्षं कान लावून बसलेल्या माणसाबद्दल मला दुसरं काही सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं.

आणि बाबांचा मला रागच यायला लागला होता. साधारण वर्षापूर्वी त्यांनी एकाएकी टेबलं हलवली. म्हणे, उजेड नीट पडत नाही. आपली खुर्ची काकांच्या उजव्या हाताला आणली आणि यंत्र उचलून बाहेरच्या खोलीत नेलं. बोलायला लागले तर छपराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. आणि फोन वाजला की काकांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घ्यायचे. खरं तर डॉक्टरांशी बोलायचं काम कायम काकांचं. दाताचा रंग ठरवावा तर काकांनीच. रंगांच्या पट्टीवर सोळा दात असतात आणि तुम्हाआम्हाला ते सगळे पिवळटच दिसतात. काका मात्र खिडकीशी जाऊन, डोळे बारीक करून सांगतात की हा नाही, याच्या शेजारचा. त्यांचा तोच मान होता आणि बाबा तोच काढून घेत होते. मी एकदा बाबांना तोंडावर म्हटलं, तुम्हाला सगळंच आपल्या हातात लागतं. बाबा म्हणाले, "तू तुझं काम कर." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मग एका सकाळी बाबा प्लास्टरची पोती आणायला गेले आणि फोन वाजला. काकांच्या हातांना मेण लागलं होतं म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला. डॉक्टरीणबाई होत्या. एका शिक्षिकेचा पुढचा दात होता. रंग आधी कळवला होता, तो बदलायचा होता. बाई घाईत होत्या. मी बाहेर यंत्राशी उभी होते, यंत्र नुकतंच बंद केलं होतं, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, बी-तीन. काका म्हणाले, हो हो.

बी-तीन म्हणजे जरा पिवळसर झाक. काकांनी जो दात केला, तो डी-तीनचा, राखाडी झाकेचा. केला मात्र असा सुरेख की मी तो घासताना रंगाकडे बघायचंच विसरले. चार दिवसांनी डॉक्टरीणबाई स्वतः दात घेऊन आल्या. शिक्षिका पुढे दवाखान्यातच खुर्चीत बसल्या होत्या, आरशात बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सगळ्या वर्गासमोर हसायचं आणि मधोमध मेलेला दात.

काका म्हणाले, तुम्ही डी म्हणालात. बाई म्हणाल्या, मी बी म्हणाले. काका म्हणाले, मी तीस वर्षांत रंग चुकलेलो नाही, तुम्ही डीच म्हणालात. त्यांचा आवाज चढला होता. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ही होती ना, हिला विचारा.

मी गप्प राहायला हवं होतं की काय, ते मला अजून कळत नाही. पण बाई उभ्या होत्या, शिक्षिका तिकडे तोंडावर हात धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, काका, त्या बी म्हणाल्या होत्या.

काकांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग पुन्हा बाईंच्या ओठांकडे. बी म्हणताना ओठ मिटतात, डी म्हणताना नाही. त्यांना काय कळलं ते मला त्या क्षणी दिसलं. त्यांनी दात परत घेतला, बाईंची माफी मागितली, त्याच बैठकीत नवा दात करून दिला, एकदम हुबेहूब. मग हात धुतले, ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही.

मावशीचा फोन आला. काका म्हणत होते, बहिऱ्या माणसाला रंग कोण विचारणार, चुकून चुकून साडूभाऊंचं नाव घालवीन, त्यापेक्षा बसतो घरी. मावशीने समजावलं, रागावली, रडली. काही उपयोग नाही. काका तिच्याकडे पाठ करून खिडकीत बसून होते.

बाबांनी हातातली कवळी खाली ठेवली, आपला फोन खिशात टाकला आणि मला म्हणाले, चल.

काका खरंच खिडकीत बसले होते. बाबांनी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं, त्यावर फोन उभा केला, पाण्याच्या तांब्याला टेकवून. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. मग बाबा बोलले, नेहमीपेक्षा बऱ्याच हळू आवाजात, आणि ते बोलत गेले तशी मोठी मोठी अक्षरं उमटत गेली.

"साधू भाऊ उद्या कामावर या."

काकांनी ते वाचलं. ओठ हलले. "साधू कोण झालं?" ते म्हणाले, आणि हसू दाबायला त्यांना खिडकीबाहेर बघावं लागलं.

मावशी दारातच उभी होती. तिने फोनकडे पाहिलंही नव्हतं, ती आपल्या माझ्याशी बोलत होती. पण फोन सगळ्यांचं ऐकतो. पडद्यावर पुढची ओळ आली.

"दोन वर्षं मी बोलते आणि हे मान डोलावतात मला वाटलं माझा कंटाळा आला."

काकांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग खुर्ची पूर्ण वळवून मावशीकडे तोंड केलं.

"कंटाळा नाही गं," ते म्हणाले. "ऐकूच येत नव्हतं."

हे इतकं सरळ ते पहिल्यांदाच बोलत होते. मावशीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं आणि मी तांब्यातलं पाणी उगाचच प्यायले, त्यामुळे फोन आडवा पडला.

मग काकांनी आपला फोन काढला. सवय ती सवय. सेटिंगा उघडल्या, बरंच खालीवर केलं, चष्मा पुसला, पुन्हा केलं. आम्ही सगळे थांबून बघत होतो. शेवटी त्यांनी फोन मांडीवर उलटा ठेवला.

"आमचं आपल्या भाषेत लिहीत नाही," ते म्हणाले. आणि घसा साफ करून, "हे तुमच्याकडे आधी."

बाबांनी यावर विजयाचा चेहरा केला नाही, हे मी नमूद करून ठेवते. ते एवढंच म्हणाले, "रंग डोळ्यांनी बघतात, साडूभाऊ. कानांनी नाही." आणि उद्यापासून एकही रंग तोंडी घ्यायचा नाही, सगळ्या डॉक्टरांनी लिहूनच पाठवायचा, हे कळवून टाकायला त्यांनी मला सांगितलं. इतकी साधी गोष्ट आम्हाला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

काका परत आले. पहिल्याच सकाळी त्यांनी डब्यातून दात निवडला आणि स्वतःच्या हाताने बाबांच्या जबड्यात बसवला. तोही कुठलातरी नाही, तोच राखाडी, डी-तीन. बाबांनी एक जुना फोन त्यांच्या टेबलावर कायमचा मांडून दिला, बोललेलं लिहून दाखवायला. माझी आई डबा द्यायला आली की तो तिच्या शिव्यासुद्धा शुद्ध लिहितो. आमच्या खोलीत शिकायला आलेल्या पाहुण्यासारखा तो सगळ्यांचं टिपून घेत असतो, आणि काका आता योग्य जागी, योग्य वेळी हसतात.

महिन्याभराने मावशीने काकांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. परत आले ते छाती काढून. कानात यंत्र बसणार होतं, आणि ते यंत्र थेट त्यांच्या फोनला जोडता येणार होतं, मधे कसलीही डबी नको. फोनवरचा माणूस सरळ कानात बोलणार. काका खोलीच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "आणि हे आमच्याकडे आधी. विचारा कोणालाही."

मी घासायचं यंत्र बंद करून आत आले. आता जुंपणार. बाबा पुरावा मागणार, तारखा निघणार, डबे थंड होणार.

बाबा उठले, डब्यातून एक चांगला दात शोधला, दिव्यावर मेण तापवलं आणि काकांच्या जबड्यात बसवून दिला. साडेतेरा आणि साडेतेरा. मग पुन्हा आपल्या कवळीशी जाऊन बसले.

काका बघतच राहिले. पंचवीस वर्षांत बाबांनी एकही गोष्ट अशी सरळ मान्य केली नव्हती. त्यांनी जबड्याकडे पाहिलं, मग आपल्या टेबलाच्या उजवीकडे असलेल्या बाबांच्या खुर्चीकडे, मग बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलेल्या यंत्राकडे. मीही त्यांच्या नजरेबरोबर तेच सगळं पाहिलं, आणि त्या दोन दिवसांच्या अबोल्याची मला अशी लाज वाटली की मान वर करवेना.

"साडूभाऊ," काका म्हणाले, "मला ऐकू येत नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

बाबांनी कवळीवरून डोळे काढले नाहीत. काहीतरी पुटपुटले, इतकं हळू की मलाही ऐकू आलं नाही. पण काकांच्या टेबलावरच्या फोनला आलं. पडद्यावर दोनच शब्द उमटले.

"तुमच्या आधी."

काकांनी ते चष्म्याच्या वरून वाचलं, आणि वाद घातला नाही.