चिमटेबाईंच्या हातून सुटलेली क्लिप

चिमटेबाईंचं आडनाव चिमटे नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हॉस्पिटलातल्या अर्ध्या लोकांना अजूनही तसंच वाटतं. मागे एकदा तर प्रशिक्षणाचं पत्रसुद्धा ‘श्रीमती चिमटे’ या नावानं आलं होतं. बाईंनी ते मुकाट्यानं घेतलं. नवरा मात्र आठवडाभर घरात ‘अहो श्रीमती चिमटे, चहा मिळेल का?’ करत फिरत होता.

नाव पडलं ते कामावरून. नळीसारखी दुर्बीण आत घालून पोट आणि आतडी तपासतात, त्या खोलीत बाई बावीस वर्षं मदतनीस आहेत. मोठ्या आतड्यातून रक्त जात असलं की डॉक्टर दुर्बिणीतून ती रक्तवाहिनी शोधतात आणि तिच्यावर धातूची एक बारीकशी क्लिप लावतात. कपडे वाळत घालताना आपण चिमटा लावतो ना, तोच प्रकार, फक्त नखाएवढा. क्लिप असते लांबलचक तारेच्या टोकाला आणि तारेचं हँडल असतं बाईंच्या हातात. डॉक्टरांचे डोळे पडद्यावर आणि बाईंचे कान डॉक्टरांच्या तोंडाकडे. ‘उघडा’ म्हटलं की क्लिपची पाती उघडायची, ‘मिटा’ म्हटलं की मिटायची. इथवर कितीही वेळा उघडझाप चालते. ‘सोडा’ म्हटलं की शेवटचा दाब द्यायचा. टक्‌ असा आवाज होतो आणि क्लिप तारेपासून सुटून आतच राहते. एकदा सुटली की सुटली. मग देव पाण्यात ठेवा, ती काही परत यायची नाही.

आता बघा, शब्द कुठला निवडला होता? सोडा! अहो, दिवसभरात आपण काय काय सोडायला सांगतो. राग सोडा, नाद सोडा, विषय सोडा, मला जरा कोपऱ्यावर सोडा. पण ही पद्धत बाईंना ज्यांनी शिकवली त्या अण्णांनीही हाच शब्द वापरला होता. अण्णा खात्यातले सगळ्यात जुने मदतनीस, बाईंचे गुरूच म्हणा ना. गुरूनं सांगितलं, शिष्येनं ऐकलं. शंका कोण घेतो?

त्या दिवशी टेबलावर होते एक निवृत्त पोस्टमनकाका. सकाळपासून दोनदा भरपूर रक्त गेलेलं, चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी बरोब्बर जागा शोधली. आतड्याच्या एका खळग्यात रक्ताचं बारीक कारंजं उडत होतं. क्लिप आत गेली, उघडली, मिटली. पण पकडली गेली वाहिनीच्या शेजारची निरोगी जागा. डॉक्टर ‘उघडा’ म्हणणार, तेवढ्यात दार ढकलून वॉर्डातली नर्स आत डोकावली. ‘सर, काकांचा मुलगा ऐकतच नाही, आत्ताच्या आत्ता बोलायचंय म्हणतोय.’

डॉक्टर वैतागून म्हणाले, ‘सोडा हो ते आता!’

टक्‌.

बाईंना आवाज आला आणि पाठोपाठ कळलं. पडद्यावर ती क्लिप खळग्याच्या तोंडाशी आडवी बसली होती आणि तिच्यामागून रक्त येतच होतं. डॉक्टरांनी एकदा बाईंकडे पाहिलं. बोलले काही नाहीत, बोलायला वेळ होता कुठे? रक्तदाब खाली चाललेला. रक्ताची बाटली जोडली, आत पाण्याचा फवारा मारून जागा धुतली, आडव्या क्लिपच्या बाजूनं दुसरी नेली, ती निसटली, तिसरी नेली. वीस मिनिटं! शेवटी तिसरी बसली, चौथी तिच्या शेजारी बसली आणि रक्त थांबलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाईंचा सोडून.

हात धुताना डॉक्टर म्हणाले, ‘जाऊ द्या बाई. माणूस वाचला ना? एक क्लिप जास्त गेली, एवढंच.’

तसे डॉक्टर मनानं चांगले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांचा हिशेब. कपाटात चुकांच्या नोंदीचे कोरे फॉर्म होते, पण दुर्बिणीच्या खोलीतून एकही भरून गेलेला नव्हता. शहाणा माणूस कशाला भरेल? फॉर्म भरला की चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत हँडल हातातून जाणार. नंतर मिळेल याची खात्री नाही. वरच्या मजल्यावर एक मदतनीस अशीच भांडारात गेली होती, ती तिथेच सुया मोजत बसली.

घरी गेल्यावर बाईंनी झालेलं नवऱ्याला सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आमच्यात एक जण लिफ्टच्या टपावर असतो आणि एक जण खाली बटणापाशी. वरचा जे बोलेल ते खालच्यानं मोठ्यानं परत म्हणायचं. वरचा हो म्हणाला, तरच बटण दाबायचं. नाहीतर एकाचा चेंदामेंदा.’

‘आमच्यात तसं नाही,’ बाई म्हणाल्या.

‘मग तुम्ही काय नशिबावर चालवता का?’

बाई चिडल्या, त्याच्याशी रात्रभर बोलल्या नाहीत. पण बोच राहिली. उद्या दुसरा कुणी पेशंट असेल, रक्त जास्त असेल, वीस मिनिटं मिळणार नाहीत. मग?

सकाळी त्या आधी पोस्टमनकाकांच्या खाटेपाशी गेल्या. म्हणाल्या, ‘काका, काल माझ्या हातून चूक झाली. एक क्लिप चुकीच्या जागी सुटली, म्हणून तुम्हाला जास्त वेळ लागला, रक्तही जास्त गेलं. ती आपोआप गळून जाईल, पण कुठे एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगा की पोटात क्लिपा आहेत. तसं मी कागदावर लिहून दिलंय.’

काका म्हणाले, ‘एकोणचाळीस वर्षं पत्रं वाटली. चुकीच्या दारात टाकलेली बरीच असतील. स्वतःहून सांगायला मी एकाकडेही गेलो नाही.’ आणि कागद घडी करून उशीखाली ठेवला.

बाहेर येऊन बाईंनी फॉर्म भरला. ‘काय घडलं’च्या रकान्यात सगळं लिहिलं, आणि ‘काय करता येईल’च्या रकान्यात लिहिलं: ‘सोडा हा शब्द बंद करावा. लावा म्हणावं. मदतनीसानं शब्द परत म्हणावा, डॉक्टरांनी हो म्हणावं, मगच दाबावं.’

डॉक्टर भडकले. ‘अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला? मी काही बोललो होतो का?’

‘म्हणूनच, सर,’ बाई म्हणाल्या. ‘तुम्ही काही बोलला नाहीत.’

व्हायचं तेच झालं. हँडल गेलं. बाई तीन आठवडे धुलाईच्या खोलीत होत्या, दिवसभर दुर्बिणी धुवायच्या, नळ्यांतून ब्रश फिरवायचा, वाळवून टांगायच्या. काम हलकं नव्हे, पण बाईंना ते शिक्षेसारखं लागलं. येणारेजाणारे हळहळायचे, ‘काय ही अवदसा आठवली हिला!’ अण्णा रोज दारावरून जायचे, पण आत डोकावायचे नाहीत. बाईंना त्याचंच सगळ्यात वाईट वाटायचं. शिकवलेल्या विद्येला बट्टा लावला, असं म्हणत असतील.

मग बैठक झाली. मोठ्या मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, टेबलाशी बसलेल्या, समोर दोन्ही पाळ्यांतले डॉक्टर आणि मदतनीस. मॅडमनी बाईंचा फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. बाईंनी नजर वर केली नाही. आता भांडारच, सुया मोजायची तयारी ठेवावी.

मॅडमनी फॉर्म खाली ठेवला. ‘असं आणखी कुणाच्या हातून झालंय?’

मग मागून दुसऱ्या पाळीतल्या पोरीनं कानापर्यंत हात वर केला. तिच्या शेजारच्यानंही केला. मग डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, ‘बोललो मी होतो, बाईंनी फक्त ऐकलं. फॉर्मवर माझंही नाव घाला.’

आणि अण्णा उठले. निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस, खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा.

‘माझ्या हातून दोनदा,’ अण्णा म्हणाले. ‘पहिल्यांदा निभावलं. दुसऱ्यांदा पेशंटला ऑपरेशनला न्यावं लागलं. तेव्हा ही नुकतीच कामाला लागली होती. हिला शिकवताना तो शब्द माझ्या जिभेवर अडखळायचा, तरी मी तोच शिकवला. वेगळा शिकवला असता तर का म्हणून विचारलं असतं ना हिनं.’

बाईंनी आता मान वर केली. अण्णा त्यांच्याचकडे बघत होते.

‘मी तेव्हा तोंड उघडलं असतं, पोरी,’ अण्णा म्हणाले, ‘तर तुझ्या हातून हे झालंच नसतं.’

बाईंना रडू फुटलं. राग आला की माया आली, त्यांचं त्यांनाच कळेना. मॅडम विचारत होत्या की उद्या सकाळी पहिली केस आहे, हँडल कोण धरणार, आणि अण्णांनी बाईंकडे बोट दाखवलं. ‘ही धरेल. आणि मी शेजारी उभा राहून नवा शब्द शिकेन.’